तिरकी वीण

काका वेताच्या खुर्च्या विणायचे. लाकडाची चौकट सुतार करून द्यायचा. चौकटीच्या चारी कडांना भोकं पाडलेली असायची, आणि त्यांतून वेताच्या ओल्या पट्ट्या ओवून काका बसायची जागा, म्हणजे बैठक, विणून काढायचे. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, त्यांच्यावर पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही अंगांनी तिरप्या. हात बसलेला असेल तर मधे आठ कोनांची बारीक भोकं उरतात, सगळी एका मापाची, जणू साच्यातून काढल्यासारखी. काकांचा हात बसलेला होता. वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी, आणि या तीन पिढ्यांत एक पट्टीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही, असं काका ज्याला त्याला सांगायचे. न विचारताही सांगायचे.

गल्लीत त्यांना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. काकांना ते नाव माहीत होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच असावा.

शिकायला येणारे मात्र टिकत नसत. पट्टी जरा सैल पडली, तिरपी ओढ थोडी चुकली, तर काका एक शब्द न बोलता सगळी वीण उसवून चौकट पुन्हा समोर ठेवायचे. रागावत नसत, हेच जास्त लागायचं. एकाला त्यांनी एकच बैठक इतक्या वेळा करायला लावली की तो पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो थेट शिंप्याच्या दुकानात कामाला लागला. काकांची मुलगी चिमी लहानपणी हौसेनं विणायला बसली होती. बाहुलीच्या खुर्चीला तिनं मधे फुलासारखं काहीतरी केलं. काकांनी तेही उसवलं. चिमी पुन्हा त्या चौकटींच्या वाटेला गेली नाही. मोठी होऊन ती चष्म्याच्या दुकानात लागली, लग्न झालं, दोन रस्ते पलीकडे राहायला गेली.

काकू कधीच विणत नसत. वेत भिजत घालणं, पट्ट्या जाडीप्रमाणे लावणं, झालेल्या खुर्चीला पॉलिश करणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, ही त्यांची कामं. बोलणं हे तर त्यांचंच काम, कारण काका गिऱ्हाइकाशी बोलले की गिऱ्हाईक जायचं.

कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्या मावशींनी डझनभर खुर्च्या सांगितल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याअधिक झाल्या होत्या, तेव्हा एके सकाळी काका पट्टी ओढता ओढता बाजूला कलंडले.

झटका उजव्या अंगाला आला होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना चालता येत होतं, पण उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. बोलणंही गेलं होतं. अगदी गेलं नव्हतं, पण जे मनात असायचं ते तोंडात येईपर्यंत भलतंच होऊन यायचं. पाणी मागायला जायचे आणि ‘खिडकी’ म्हणायचे. चूक झाली हे त्यांना कळायचं, आणि मग ते गप्प व्हायचे. ‘हो’ आणि ‘नाही’ तेवढं नीट यायचं, त्यातही ‘नाही’ जास्त.

चिमी रोज कामावरून सुटली की यायची. एकदा तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं.

“आई, मी मावशींना सांगून येते की राहिलेल्या खुर्च्या होणार नाहीत. आणि तुम्ही दोघं आमच्याकडे या. वर्कशॉप बंद करून टाकू.”

“आणि हे दिवसभर काय करतील तुझ्याकडे?”

“इथे काय करतायत?”

काकूंनी दारातून बाहेर पाहिलं. वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली. काका तिथं खिडकीशी बसले होते आणि अर्धवट राहिलेल्या चौकटीकडे बघत होते. पट्ट्या वाळून ताठ झाल्या होत्या.

“इथे निदान त्या खुर्चीकडे बघतायत,” काकू म्हणाल्या. “तुझ्याकडे भिंतीकडे बघतील. मावशींना काही सांगू नकोस.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काकूंनी पट्ट्या भिजत घातल्या. चौकट उचलून काकांच्या समोर ठेवली आणि तिच्या पलीकडे स्वतः पाटावर बसल्या.

“अहो, सांगा मला. पहिली पट्टी कुठून घालू?”

“नाही,” काका म्हणाले.

“नाही काय. इतकी वर्षं बघतेय, जाडी-बारीक मला डोळे मिटून कळते. फक्त ओवायची कशी ते सांगा.”

“नाही.”

“बरं, मग मी माझ्या मनानं करते,” असं म्हणून काकूंनी पट्टी उचलली आणि सरळ कोपऱ्यातल्या भोकात घातली. काकांचा डावा हात चटकन पुढे आला आणि त्यानं ती पट्टी उपटून काढली.

काकू मनात हसल्या. हेच त्यांना हवं होतं.

“कोपऱ्यात नाही का?”

काकांनी मान हलवली. कोपऱ्यातलं भोक मोकळं ठेवायचं, हा त्यांच्या घराण्याचा नियम होता. वेताला श्वास घ्यायला जागा लागते, असं त्यांचे वडील सांगत. काकूंना तो नियम चांगला ठाऊक होता.

अशी शिकवणी सुरू झाली. काकांना बोलता येत नव्हतं म्हणून ते डाव्या हाताच्या बोटानं चौकटीवर टकटक करायचे. एकदा वाजवलं की पट्टी खालून, दोनदा वाजवलं की वरून. पुढचं भोक कुठलं ते बोट ठेवून दाखवायचे. पट्टीचं एक टोक ते डाव्या हातात धरायचे, दुसरं काकू ओढायच्या. दोघं मिळून एक विणकर झाले होते. त्याचा एक हात एका बाजूला बसलेला होता आणि दुसरा समोरच्या बाजूला, आणि दोघांची ओढ सारखी पडत नव्हती.

पहिली बैठक फारच वाईट झाली. मधे पोट सुटल्यासारखी लोंबत होती. काकांनी ती उसवायला घेतली. एका हातानं उसवणं सोपं नसतं. भोकात पट्टी आवळून धरणारी खुंटी काढायची, पट्टी सोडायची, पुन्हा खुंटी. दुपारभर ते तेच करत बसले. काकू मदतीला पुढे झाल्या, पण मधेच थांबल्या. काका डाव्या हातानं पट्टी सोडवत होते, आणि सोडवलेलं टोक सरकू नये म्हणून त्यांनी उजवा हात उचलून त्यावर ठेवला होता. नुसता वजनासारखा. पण ठेवला होता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी इतक्या दिवसांत जे करवून घेऊ शकली नव्हती, ते त्यांचं त्यांनाही न कळता झालं होतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि उगीचच भांडी विसळत बसल्या. उसवू देत, त्यांनी ठरवलं. जितकं उसवतील तितकं बरं.

त्यामुळे पुढच्या दोन-तीन बैठका वाईट झाल्याचं त्यांना काही वाटलं नाही. काका उसवायचे, काकू पुन्हा विणायच्या. खाणावळवाल्या मावशी एकदा चौकशीला आल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, “होतायत. फक्त रात्री उंदीर लागल्यासारख्या सकाळी नाहीशा होतात.” काकांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला हसू आलं. झटका आल्यापासूनचं ते पहिलं हसू.

मग एक बैठक वेगळी झाली.

उभ्या-आडव्या पट्ट्या छान ताठ बसल्या होत्या. पहिली तिरपी ओळही झाली. दुसरी तिरपी ओळ सुरू केली तेव्हा काकांनी ‘पुढचं’ म्हणून बोट दाखवलं. त्यांच्या बाजूनं ते पुढचं होतं, समोर बसलेल्या काकूंना ते मागचं वाटलं. जिथं दोन्ही तिरप्या पट्ट्या एकाच भोकात भेटायला हव्यात, तिथं दुसरी शेजारच्या भोकात गेली. त्या चुकीला धरून काकूंनी पुढची सगळी ओळ इमानदारीत तशीच नेली. काकांना त्या दिवशी थकवा होता, पट्टीचं टोक हातात धरल्या धरल्या त्यांचा डोळा लागला होता. जागे होऊन पाहतात तो वीण पुरी झालेली.

ती वाकडी होती. पण लोंबत नव्हती. आठ कोनांच्या भोकांऐवजी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती भोकं उठली होती, सगळी एकाच दिशेला कललेली. वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकावं तशी.

“चूक,” काका म्हणाले. हा शब्द अगदी स्वच्छ आला.

“हो, काहीतरी झालंय खरं,” काकू म्हणाल्या. “उसवू?”

काकांनी खुंटीला हात घातला. तेवढ्यात त्यांचं लक्ष काकूंच्या बोटांकडे गेलं. ओल्या वेताची धार सुरीसारखी असते. विणणाऱ्याच्या बोटांवर कातडं जाड होत जातं, मग ती लागत नाही. काकूंच्या बोटांवर ते अजून झालेलं नव्हतं. दोन बोटांना त्यांनी कापडाची चिंधी गुंडाळली होती आणि तिसऱ्यावर आडवी लाल रेघ होती. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नव्हतं.

काकांनी हात मागे घेतला. बराच वेळ ते त्या विणीकडे बघत राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले.

काकूंना वाटलं, शब्दांची पुन्हा अदलाबदल झाली. “काय?”

“राहू दे.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी चुकलेली वीण तशीच सोडली. ती विणीला दिलेली सूट नव्हती, बोटांना दिलेली होती. पुढं काय होईल याचा तेव्हा दोघांच्याही मनात विचार नव्हता.

राहिलेल्या सगळ्या खुर्च्या काकूंनी, समोर काकांना टोक धरायला बसवून, तशाच विणल्या, कारण आता त्यांना तेच नीट येत होतं. खुर्च्या पोचवायला चिमी गेली. मावशींनी विणीकडे पाहिलं, नाक जरासं मुरडलं, पण काकांची अवस्था माहीत असल्यामुळे काही बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ विणीच्या खुर्च्या पुढे लावल्या आणि तिरक्या मागच्या टेबलांना, मोरीच्या बाजूला.

काही आठवड्यांनी त्या स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या आणि पाटावर बसकण मारून म्हणाल्या, “ओळंबेकाका, तुम्ही माझी पंचाईत केलीय. लोक मोरीजवळ बसायला भांडतायत.”

“का?” काकूंनी विचारलं.

“मऊ आहेत म्हणे. एक म्हातारेबुवा रोज येतात, कंबरेचं दुखणं आहे त्यांना. पुढची टेबलं रिकामी असली तरी मागची खुर्ची रिकामी होईपर्यंत उभे राहतात. मी म्हटलं पुढे बसा की, तर म्हणाले, ती खुर्ची धरून ठेवते, ही जरा समजून घेते.”

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण कारण त्यांना लगेच कळलं. तिरप्या पट्ट्या एका भोकात घट्ट आवळल्या नव्हत्या, म्हणून वजन पडलं की किंचित सरकत होत्या. बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे वीण थोडी बसायची आणि उठला की परत यायची.

“फाटेल,” काका म्हणाले. “लवकर.”

“फाटली की बघू,” मावशी म्हणाल्या. “तोवर पुढच्याही तशाच करून द्या.”

मावशींच्या खाणावळीतून ती खुर्ची लोकांच्या तोंडी झाली. कुणी ‘तिरकी’ म्हणायचं, कुणी ‘काकूंची’. लोक मागायला यायचे. काका प्रत्येकाला सांगायचे, “ती... चूक आहे.” शब्द जुळवायला वेळ लागायचा, पण सांगायचे. काकू मागून म्हणायच्या, “ती चूकच पाहिजे आहे त्यांना, द्या की.” वर्ष उलटलं तरी मावशींकडची एकही बैठक फाटली नाही, आणि काका मनातल्या मनात जरा खट्टू झाले.

काकांच्या तोंडात शब्द हळूहळू परत येत होते. उजव्या हातालाही पकड येऊ लागली होती. अशात एक दिवस एक बाई बसकी, बिनहातांची खुर्ची घेऊन आल्या. त्यांच्या आजीची खुर्ची होती ती. तिच्यावर बसून आजीनं सगळ्या लेकरांना दूध पाजलं होतं. आता बाईंच्या मुलीला बाळ होणार होतं, म्हणून बैठक नव्यानं विणून हवी होती.

काकांनी खुर्ची उलटी केली आणि ते एकदम थांबले. मागच्या दांडीखाली डागणीनं उठवलेला अर्धा चंद्र होता. वडिलांकडून ऐकलेली, त्यांच्या आजोबांची खूण. आजोबांना त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या हातची एकही खुर्ची घरात राहिलेली नव्हती.

बैठक मधे फाटली होती, पण कडा शाबूत होत्या. काकांनी खुर्ची खिडकीशी नेली. उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. काकू पॉलिशचा बोळा हातात घेऊन बघत राहिल्या.

“अगं, इकडे ये,” काका म्हणाले. “हे बघ.”

“काय?”

“कोपरा.”

कोपऱ्यातल्या भोकात पट्टी होती. चारी कोपऱ्यांत होती. नीट, घट्ट, खुंटी मारून बसवलेली. कोपऱ्यात पट्टी असल्यामुळे कडेची सगळी ओळच वेगळी चालत होती. काकांना जी वीण वडिलांनी शिकवली होती, ती ही नव्हती.

“म्हणजे आजोबा कोपरा मोकळा सोडत नव्हते?” काकूंनी विचारलं.

काकांनी आपली तर्जनी कोपऱ्यातल्या भोकापाशी नेली. खुंटी आत दाबायची तर बोटाचं टोक तिथं अगदी दोन दांड्यांच्या बेचक्यात शिरावं लागत होतं. दुसऱ्या कुठल्याही भोकाला तसं करावं लागत नाही. त्यांनी बोट मुडपलं आणि मुडपलेल्या पेरानं दाबून पाहिलं. पेर आत जात नव्हतं.

“बाबांचं बोट,” ते म्हणाले.

काकूंना सासऱ्यांचा हात आठवला. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक नव्हतं. तरुणपणी वेत चिरताना गेलं होतं. ते इतकं जुनं होतं की घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. जेवताना, पेन धरताना ते बोट नेहमी थोडं मागं राहायचं, इतकंच.

“मी विचारलं होतं,” काका थांबत थांबत सांगू लागले. “लहान होतो. कोपरा का सोडायचा म्हणून. तर म्हणाले, वेताला श्वास लागतो. मी... मी सगळ्यांना तेच सांगितलं. जन्मभर.”

“तुम्हाला काय सांगणार होते? मला जमत नाही, असं? शिकणाऱ्या पोराला?”

“नाही सांगणार.”

“मग काय.”

काकांचे डोळे भरून आले होते. झटका आल्यापासून त्यांना रडू लवकर यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते दुखण्याचाच भाग आहे म्हणून. पण हे तसलं नव्हतं. काकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं उगाच खुर्चीची दांडीही पुसली.

“त्या शिंप्याकडे गेलेल्या पोरानं कोपऱ्यात पट्टी घातली होती एकदा,” काका म्हणाले. “मी उसवली.”

“आता तो सूट शिवतो. तुमच्यापेक्षा बरं चाललंय त्याचं.”

काका हसले. हसू आता चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पोचत होतं.

ती खुर्ची त्यांनी आजोबांच्या पद्धतीनं विणली, चारी कोपरे भरून. वेळ फार लागला, कारण ते काही कुणी शिकवलेलं नव्हतं. जुनी वीण बघून बघूनच करावी लागली. जिथं ती फाटलेली होती तिथं अंदाज करावा लागला. अंदाज बरोबर होता की नाही, हे सांगायला आता कुणी नव्हतं. बाई खुर्ची घेऊन गेल्या तेव्हा काका म्हणाले, “मधलं थोडं माझं आहे.” बाईंना त्याचा अर्थ कळला नसावा. त्यांनी आभार मानले.

त्यानंतर काका उसवेनासे झाले, असं नाही. सैल वीण ते अजूनही उसवायचे. पण आधी काही वेळ बघत बसायचे.

उजव्या हातात पुरेसा जोर आल्यावर त्यांनी एकट्यानं एक बैठक करून पाहिली. कित्येक महिन्यांनी स्वतःच्या दोन हातांनी. सरळ, आठ कोनी, जशी पूर्वी व्हायची तशी झाली. सगळं घर खूश झालं. चिमीनं फोटो काढले, जावयांनी मिठाई आणली. पण दारात आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, “छानच आहे. पण आम्हाला ती काकूंची हवी होती.”

मग काकांनी ‘काकूंची’ करायला घेतली. एकट्यानं बसून. दुसरी तिरपी ओळ मुद्दाम शेजारच्या भोकात नेली. झाली ती तिरकी, पण ताठ झाली. गवत झुकल्यासारखी दिसेना. पुन्हा केली, पुन्हा तेच. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मला जमत नाही,” ते म्हणाले.

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हे वाक्य त्यांनी काकांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“काय जमत नाही?”

“तुझी वीण. एका माणसाची ओढ दोन्हीकडे सारखी पडते. ती... सारखी पडून चालत नाही.”

“मग मी येते ना समोर बसायला. त्यात काय.”

“तुला घरचं काम असतं.”

“ते तुम्ही करा अर्धं,” काकू म्हणाल्या. “एक हात होता तेव्हा नव्हतं सांगत. आता दोन आहेत.”

तेव्हापासून तशी वाटणी झाली. सकाळी काका भाजी चिरायचे. फार सरळ चिरायचे, सगळे तुकडे एका मापाचे, आणि त्यामुळे जेवायला उशीर व्हायचा. दुपारी दोघं चौकटीच्या दोन बाजूंना बसायचे. आता काकांना बोलता येत होतं, टकटक करायची गरज नव्हती. तरी ते करायचेच. एकदा खालून, दोनदा वरून. काकूंचे हात त्या आवाजावर चालायचे.

एका संध्याकाळी चिमी तणतणत आली. तिनं फोन काकांच्या पुढ्यात धरला.

“हे बघा बाबा. नदीपलीकडच्या कारखान्यानं आपली खुर्ची उचललीय. मावशींकडे येऊन फोटो काढून नेला म्हणे त्यांच्या माणसानं. ‘नवी झुकती वीण’ म्हणून विकतायत. सरळ चोरी आहे ही.”

काकांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. मग काकूंकडे फोन दिला. काकूंनीही पाहिला.

“अय्या, हे आपलं नाहीच,” काकू म्हणाल्या.

खरंच नव्हतं. फोटोवरून करणाऱ्याला वरचं दिसलं होतं, खालचं नाही. तिरपी पट्टी शेजारच्या भोकात जाते हे त्यानं ओळखलं होतं, पण ती खालून येते की वरून, ते फोटोत कुठून कळणार. त्यानं आपल्या डोक्यानं काहीतरी केलं होतं. लांबट भोकं एका दिशेला कलायच्या ऐवजी एक इकडे, एक तिकडे अशी झाली होती. पाण्यावर बारीक लाट उठावी तशी.

“चुकलाय,” काका म्हणाले. आणि थोड्या वेळानं म्हणाले, “बरा चुकलाय.”

“बाबा, तुम्हाला राग येत नाही?”

“थोडा येतो,” काका म्हणाले. “पण तो कोण आहे ते बघायला पाहिजे. ही कड बघ कशी घेतलीय. हात चांगला आहे त्याचा.”

चिमी त्यांच्याकडे बघत राहिली. हेच का ते बाबा, असं तिच्या मनात आलं असणार. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पाट ओढून आईच्या शेजारी बसली. बसल्या बसल्या सहज एक पट्टी उचलून बोटांभोवती गुंडाळू लागली. काका तिच्या बोटांकडे बघत होते.

“तुझ्या त्या बाहुलीच्या खुर्चीला,” ते म्हणाले, “मधे फूल कसं केलं होतंस?”

चिमीनं बोटांवरची पट्टी सोडवली. “मला नाही आठवत आता, बाबा.”

“मलाही नाही. मी नीट बघितलंच नाही.”

“जाऊ दे ना,” चिमी म्हणाली. तिनं हातातली पट्टी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. “मी किती लहान होते. गाठच मारली असेल काहीतरी.”

“असेल,” काका म्हणाले. त्यांनी ती पट्टी उचलून पाण्यात टाकली, वाळू नये म्हणून.

काकांना त्यानंतर बरीच वर्षं मिळाली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा शिकायला माणसं येऊ लागली आणि त्यांतली काही टिकलीही. नदीपलीकडचा तो विणकर एकदा भेटायला आला. तो पोरगेलासा असेल असं काकांना वाटलं होतं, निघाला चांगला टक्कल पडलेला गृहस्थ. दोघं दिवसभर कड कशी घ्यायची यावर वाद घालत बसले. जाताना त्यानं काकूंच्या पाया पडून विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं. काकू म्हणाल्या, “मला काही सुचलं नाही. हे झोपले होते.”

पण एका दुपारी, नेहमीसारखी दोघं समोरासमोर बसलेली असताना, काकूंनी एक गोष्ट केली. शेवटची तिरपी ओळ चालली होती. काकांनी एकदा वाजवलं, म्हणजे पट्टी खालून. काकूंनी वरून घेतली. काकांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं. काकूंनी पुढचीही वरून घेतली. मग एक खालून, आणि पुन्हा दोन वरून.

काकांनी मान वर केली. काकूंच्या बोटांना आता कुठं कापलेलं नव्हतं, त्या दमलेल्या नव्हत्या, आणि त्यांना नीट दिसत होतं, नीट ऐकूही येत होतं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, असं केलं तर कसं दिसतंय बघावं.”

“का?”

“का म्हणजे? वाटलं.”

काकांनी चौकटीवर ठेवलेलं बोट उचललं. पट्टीचं टोक डाव्या हातात नीट धरलं, थोडी ढील दिली.

“बरं,” ते म्हणाले. “आता कुठून जातेस?”